थेंब बघणाऱ्या वन्सं

आमच्या वन्सं काय करतात असं कुणी विचारलं की मी सांगते, थेंब बघतात. समोरचा हसतो. हसू दे बापडा. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही हसले होते, आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं होतं की उरलेलं हसू मी मुकाट्यानं गिळलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का नाही केलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि ह्यांना विचारलं तर हे म्हणतात, "ताईला वेळ कुठे होता?" आईवडील लवकर गेले. ह्यांना वन्संनीच वाढवलं, शिकवलं, कामाला लावलं आणि माझ्याशी लग्नही त्यांनीच लावून दिलं. म्हणजे माझ्या संसाराची तक्रार करायची झाली तर ती त्यांच्याकडेच करावी लागेल. घर दोन खोल्यांचं. आतली त्यांची, बाहेरची आमची, आणि मधे स्वयंपाकघर म्हणून एक चिंचोळी जागा. तिथे दोन बायका एकदम उभ्या राहिल्या की एकीला दुसरीचा राग येतोच. मुलगी तिच्या घरी गेली तेव्हापासून आम्ही तिघंच.

वन्सं कामाला आहेत तो कारखाना पापुद्र्यासारखी फिल्म बनवतो. दिसायला अगदी प्लास्टिक, पण पाण्यात पडली की विरघळते आणि मागे काही उरत नाही. त्या फिल्मच्या पिशव्या होतात, आणि त्या येतात आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. मी तिथे मशीनवर आहे. वॉर्डातल्या घाण चादरी, रक्ताच्या, उलटीच्या, आणखी कशाकशाच्या, वरच्या मजल्यांवरच या पिशव्यांत बांधून खाली येतात. आम्ही गाठोडं उचलायचं, मशीनमध्ये टाकायचं, दार लावायचं. आत पिशवी विरघळते, चादरी मोकळ्या होतात, धुऊन निघतात. आपल्या हाताला काही लागत नाही. त्या पिशवीचं सगळं मोल एवढ्यातच आहे. आता नणंद पिशवी पास करते आणि भावजय ती मशीनमध्ये टाकते, असं घर दुसरं कुठे असेल असं मला वाटत नाही. सुरुवातीला मला त्याचं कौतुक होतं. नंतर कौतुकबिवतुक काही राहिलं नाही, दोघी आपापल्या वेळेला उठून निघायचो.

थेंब कसा बघायचा ते त्यांनी मला एकदा नीट समजावलं होतं. फिल्मचा तुकडा भरतकामाच्या कापडासारखा रिंगेत ताणून बसवायचा. खाली पांढरी ताटली, तिच्यावर एक बारीक गोल छापलेला. वरून निळसर पाण्याचा एकच थेंब सोडायचा आणि त्याची कड त्या गोलापर्यंत कधी पोचते ते बघायचं. घड्याळाचा काटा लाल खुणेच्या आत असेल तर फिल्म पास.

"तुला वाटतं पाणी पडलं की विरघळली," वन्सं म्हणाल्या होत्या. "तसं नसतं गं. कोरडी फिल्म हट्टी असते. थेंब आधी तिच्यावर नुसता फुगून बसतो. पण थेंबातली ओल त्याच्या आधी हवेतून पुढे जाते. कडेची फिल्म ती ओल पिते आणि मऊ पडते. मऊ झालेल्या जागेवर मग थेंब सरकतो. पुन्हा ओल पुढे, थेंब मागून. फिल्म जाड असली तर सगळ्यालाच वेळ लागतो."

"आणि हवाच दमट असली तर?"

"तर फिल्म आधीच प्यायलेली असते. थेंब झरकन पसरतो आणि आपण फसतो."

म्हणून त्यांच्या त्या खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र सतत घरघरत असतं. एकामागे एक दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. वन्संचे ओठ बारा महिने फुटलेले. आणि सगळ्यात मोठा नियम श्वासाचा. त्या टेबलावर त्यांच्या आधी थोरल्या बाई म्हणून कुणी होत्या, त्यांनी घालून दिलेली रीत: तोंड फिरवून श्वास घ्यायचा, धरायचा, वाकायचं, थेंब सोडायचा, कड गोलाला लागेपर्यंत बघायचं, आणि मग पुन्हा तोंड फिरवून श्वास सोडायचा. माणसाच्या श्वासात ओल असते ना. तेवढीही त्या फिल्मला पुरते. एकदा कारखान्याचे साहेब त्या खोलीत शिंकले, तर वन्संनी त्यांना बाहेर काढलं आणि सकाळपासूनचे सगळे तुकडे फेकून नव्याने सुरुवात केली. ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की ती शिंक मला स्वतः ऐकल्यासारखी वाटते.

"माझ्या सहीशिवाय फिल्मचं रीळ जागचं हलत नाही," त्या म्हणायच्या. पाहुणे आले की हटकून म्हणायच्या. आधी मला वाटायचं ही बाई फार टेंभा मिरवते. मग कळलं. बिनलग्नाची बहीण भावाच्या घरात राहते म्हटलं की लोक दोन प्रकारे बघतात, एक कीव करून आणि एक आतली खोली कधी मोकळी होईल याचा हिशोब करून. वन्संकडे कुणी तसं बघू शकत नव्हतं. त्यांना जायला जागा होती, बसायला खुर्ची होती, आणि त्या नसल्या तर काम अडत होतं. घरात त्या ताठ चालायच्या ते त्या खुर्चीच्या जोरावर.

आणि खोटं कशाला बोलू, ती खुर्ची टिकावी असं मलाही वाटायचं. वन्सं दिवसभर घरात, आणि मी दुपारी धुलाईखान्यातून पिचून आलेली, आणि मधे ती चिंचोळी जागा. विचारानंच माझं डोकं दुखायचं.

पण गेल्या दोनेक वर्षांत त्या थकल्या. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायच्या आणि पिशवीत किल्ली शोधायच्या. किल्ली नेहमी वरच्याच कप्प्यात. मी खालून बघायची आणि पायाचा आवाज न करता तिथेच उभी राहायची, म्हणजे त्यांना घाई नको. सुईत दोरा ओवायचा असला की म्हणायच्या, "तुझा हात मोकळा आहे ना, दे जरा ओवून." माझे दोन्ही हात भांड्यांत बुडालेले असायचे. चष्म्याचा नंबर वाढलाय, डॉक्टरला दाखवा, म्हटलं की उत्तर ठरलेलं: "माझे डोळे गेले तर कारखान्याचे डोळे गेले. तू नको काळजी करू." ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "ताईला तू सांगून बघ." वा! म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधायची.

तर ते ओठ फुटायचे, अंगाला ओरखडे उठायचे कोरड्या हवेचे दिवस होते. धुलाईखान्यात नव्या पिशव्या आल्या होत्या, जरा जाड. आधीच्या पातळ होत्या, वॉर्डातून खाली येतायेता कधी फाटायच्या, म्हणून या जाड. आम्हाला बरंच वाटलं. पहिलाच घाणा काढायला दार उघडलं आणि बघते तर आत गाठोडं जसंच्या तसं. पिशवी वरून बुळबुळीत झालेली, आतून तश्शीच. चादरी आत अडकलेल्या, न धुतलेल्या, गरम पाण्यात उकडलेल्या. तो वास मी सांगत नाही, तुम्ही जेवून बसला असाल.

मग काय, हातमोजे घातले आणि फाडत बसलो. ती फिल्म चिकट दोऱ्यांसारखी ओढली जायची, मोज्यांना चिकटायची, मशीनच्या जाळीत जाऊन बसायची. माझ्या बाजूच्या मशीनवर एक आहे, आम्ही तिला भोंगा म्हणतो, तिचा आवाज पार वॉर्डापर्यंत जातो. ती ओरडली, "कुठल्या मुडद्यानं पास केलंय हे?"

मी म्हटलं, "कुणी करतंय कशाला! डोळे मिटून शिक्का मारला असेल. हातात ही घाण दिली पाहिजे एकदा, मग कळेल!" आणखीही बोलले. बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी कुणाला बोलतेय.

मी हातातलं गाठोडं खाली सोडलं. भोंगाला वाटलं मला मळमळतंय. तिने मला खिडकीशी नेऊन बसवलं आणि माझ्या वाटचं गाठोडंही तिनेच फाडलं.

एखादा घाणा असा जातो, असं मी स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. सगळी गाठोडी नाही, पण निम्मी तरी. घरी येऊन हात कितीही धुतले तरी जेवताना घास तोंडाशी नेववेना. वन्सं समोर बसून शांतपणे जेवायच्या आणि मला म्हणायच्या, "हल्ली खात नाहीस काही. अंगात रक्त आहे का तुझ्या?"

शेवटी सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तोंड उघडलं. हे रात्रपाळी करून आले होते, बाहेरच्या खोलीत झोपले होते. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या पिशव्या विरघळत नाहीत."

"कुणाच्या?"

"तुमच्या. कारखान्याच्या. आठवडा झाला, हातानं फाडतोय आम्ही."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "तुमचं पाणी गार असेल."

"पाणी तेच आहे."

"मग मशीन जास्त भरत असाल. तुम्हाला घाई असते."

मला अशी चीड आली म्हणता! "आम्ही जास्त भरतो? वन्सं, मी तिथे गुडघ्याएवढ्या घाणीत उभी राहते आणि तुम्ही मला सांगता मला घाई असते?"

"माझ्या टेबलावरून गेलेली फिल्म आहे ती," त्या म्हणाल्या. "प्रत्येक रिळाचा थेंब मी स्वतः बघितलाय. लाल खुणेच्या कितीतरी आधी गोलाला लागतोय. इतकी चांगली फिल्म गेल्या कित्येक वर्षांत आली नाही."

हे उठून दारात आले, दोघींकडे बघितलं आणि परत जाऊन झोपले. बायकांच्या भांडणात हा माणूस मूग गिळून बसतो, जन्मभर तेच केलंय.

मी तयारीनिशीच बसले होते. एक कोरी पिशवी घडी करून आणली होती, ती टेबलावर आपटली. "बघा मग. आत्ता बघा."

वन्संनी पिशवीचा तुकडा कापला. घरातली जुनी भरतकामाची रिंग काढली, तुकडा ताणून बसवला. मी दिलेलं औषधाचं ड्रॉपर धुऊन घेतलं. तोंड बाजूला फिरवून श्वास घेतला, वाकल्या आणि थेंब सोडला. बघता बघता थेंब पसरला.

"झालं समाधान?"

मी ड्रॉपर हिसकावूनच घेतलं, उभ्याउभ्याच हात लांब करून दुसरीकडे एक थेंब टाकला. तो तसाच बसला. टप्पोरा, चकचकीत. आम्ही बघतोय, तो बघतोय. हलायचं नाव नाही.

"तू वरून टाकलास," वन्सं म्हणाल्या. "असा नसतो टाकायचा." त्यांनी पुन्हा टाकला. पसरला. मी अगदी हळू, त्यांच्यासारखाच टाकला. बसून राहिला. मला वाटलं, वर्षानुवर्षांचा हात आहे, पाणीसुद्धा हिचंच ऐकतं. मी हार मानून स्टुलावर बसले आणि त्यांनी आणखी एक टाकला, आणि या वेळी मी थेंबाकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं.

नाक जवळजवळ फिल्मला टेकलं होतं. मान इतकी वाकलेली की पाठीचा मणका वर आला होता. कड दिसावी म्हणून डोळे बारीक केलेले. श्वास धरला होता खरा, पण थेंब खाली पडायच्या आतच तो सुटला. बारीक आवाज झाला, लहान मूल झोपेत सोडतं तसा. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. खाली फिल्मवर एक पुसटसं धुकं आलं आणि गेलं. त्यातून थेंब खुशाल पसरत गेला.

खरं सांगते, बोलायचं धाडसच झालं नाही. पण माझी नजर त्यांनी पकडली. मग त्यांनी स्वतःच एक गोष्ट केली. ड्रॉपर माझ्या हातात दिलं, "टाक," म्हणाल्या. मी थेंब टाकला, तो फुगून बसला. त्या हळूच वाकल्या आणि त्याच्यावर हाऽ करून श्वास सोडला. थेंबाची कड लगेच सैल झाली आणि पुढे सरकली.

पसरलेला थेंब त्यांनी बोटाने पुसला आणि खालची फिल्म नखाने खरवडून बघितली. "वरची कातडी फक्त मऊ झालीय," त्या म्हणाल्या. "आत कोरडी ठक्क आहे. पिठाच्या गुठळीसारखी."

नळाची धार बारीक गळत होती, ती मी उठून बंद केली.

"किती दिवस झाले असतील गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत, वन्सं."

"आधीची फिल्म पातळ होती. चांगली होती. म्हणून निभावलं. मला वाटलं मी बघते आहे." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "मला वाटत होतं मी श्वास धरते आहे. धरते असंच वाटतं गं आतून."

मला त्यांचा राग होता ना, आठवडाभराचा साठलेला? तो कुठे गेला कुणास ठाऊक. मला रडायला येत होतं आणि मला रडायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "चहा टाकू?"

पुढचे काही दिवस आम्ही दोघींनी वेडेपणा केला. वन्सं खुर्चीत ताठ बसायच्या, श्वास धरायच्या, आणि मी घड्याळ बघायची. कधी अर्ध्यावर खोकला, कधी डोळ्यांपुढे अंधारी. मी म्हटलं, नाकाला रुमाल बांधा. त्या म्हणाल्या, रुमालातूनही ओल जाते. मी म्हटलं, मधे काच धरा. त्या म्हणाल्या, कड आधीच दिसत नाही, काचेतून काय दिसणार कपाळ! "आधीच दिसत नाही" हे त्या पहिल्यांदाच बोलल्या आणि दोघींनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं.

हे एकदा मधेच उठून आले, म्हणाले, "काय चाललंय?" वन्संचा श्वास धरलेला, त्या लालबुंद. मी म्हटलं, "व्यायाम." हे म्हणाले, "बरं," आणि गेले.

मग एका सकाळी डबा भरताना त्या म्हणाल्या, "आज साहेबांना सांगते."

"काय सांगता?"

"मी पास केलेली रिळं परत बोलवा. आणि माझ्या जागी दुसरं माणूस बसवा."

माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "वन्सं, जरा थांबा. आधी डोळे दाखवू. कदाचित..."

"आणि फुप्फुसं? तीही दाखवू?" त्या हसल्या, कोरडंच. "तुम्ही तिकडे हातानं फाडताय. मी इकडे फुंकर मारून पास करतेय. आणखी किती दिवस?"

मी नको म्हणायला हवं होतं का? मला ती खुर्ची टिकायला हवी होती, वर सांगितलंच. पण त्याच सकाळी मला पुन्हा मोजे घालून फाडायला जायचं होतं. मी झाकण लावलं आणि डबा त्यांच्या हातात दिला.

त्या दिवशी धुलाईखान्यात माझं लक्षच नव्हतं. डोळ्यांपुढे सारखं तेच: वन्सं साहेबांसमोर उभ्या, साहेब ओरडतायत, वन्सं मान खाली घालून ऐकतायत. ज्यांना शिंकेसाठी बाहेर काढलं तेच ते साहेब. ते सोडणार होते होय? गाठोडी मात्र त्या दिवशी बरी विरघळली. भोंगा म्हणाली, "नवीन माल आलाय, पुन्हा पातळ. आपल्या वरच्या साहेबांनी तक्रार केली होती म्हणे." मी म्हटलं, बरं झालं. तेवढ्यावरच ठेवलं.

संध्याकाळी वन्सं आल्या. मी जिन्याच्या तोंडाशीच होते. मधल्या वळणावर थांबल्या, पण किल्ली शोधली नाही, नुसत्याच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वर आल्यावर मी पाणी दिलं. म्हटलं, "काय म्हणाले?"

"खुर्ची राहिली."

"राहिली?" मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला. "अहो मग! मी म्हणत नव्हते? इतक्या वर्षांचं काम..."

"बस जरा," त्या म्हणाल्या.

मी बसले.

"मी सगळं सांगितलं. डोळे, श्वास, काही लपवलं नाही. रिळं परत बोलवा म्हटलं. ते हसले. वाईट नाही, चांगलंच हसले. म्हणाले, बाई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? जाड फिल्म विरघळत नाही हे आम्हाला तक्रारीवरून कळलं, परवाच पातळ केली. जाडी तर मशीनवरच मोजतात आता, फिल्म निघतानिघताच. मी म्हटलं, मग माझी सही? तर म्हणाले, सही हॉस्पिटलच्या कागदाला लागते ना, नियम आहे. मी म्हटलं, माझा थेंब होईपर्यंत रीळ थांबतं ना? तर ते टेबलावरचे कागद सारखे करायला लागले."

"मग?"

"मग म्हणाले, रीळ कुठे थांबतं, बाई. गाडी सकाळीच भरते. तुमच्याकडे तुकडा येतो तेव्हा माल वाटेत असतो. कित्येक वर्षं असंच आहे, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" वन्संनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणाले, तुम्ही बसा आरामात. आमची काही हरकत नाही. हवं तर यंत्र जरा कमी करतो, तुमचे ओठ फुटतात."

मला त्या साहेबांचा असा संताप आला की काय सांगू. ओरडले असते तर चाललं असतं. मोठमोठ्यानं बोलले असते, अब्रू काढली असती, तर आम्ही दोघींनी मिळून त्यांना शिव्या दिल्या असत्या आणि जेवलो असतो. पण त्यांनी चांगुलपणा केला. चांगुलपणाला काय शिव्या देणार?

"बसा मग," मी म्हटलं. दुसरं काय म्हणू? "पगार आहे, खुर्ची आहे."

"तू बसली असतीस?"

मी माझ्या हातांकडे बघितलं. "मी बसले असते, वन्सं. देवाशपथ बसले असते."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या आणि आत जाऊन कपडे बदलले.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्याच गेल्या. त्याच वेळेला, तसाच डबा घेऊन. मी कामावरून दुपारी आले, हे झोपून उठले होते, मी स्वयंपाकाला लागले, तर जिन्यावर पावलं. वन्सं! या बाईनं तापातही कधी अर्धा दिवस घेतला नव्हता. दारात उभ्या, घामेजलेल्या, डबा हातात, न उघडलेला. मला वाटलं चक्कर आली असेल. हे धावले, खुर्ची दिली.

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "उठून आले."

"उठून आले म्हणजे?"

"टेबलावर तुकडे पडले होते. मी ते तसेच ठेवले आणि उठले. दोन्ही दारं उघडी टाकली. हिशोबनीस समोरून गेला, त्याने मान डोलावली. मी मुद्दाम पॅकिंगच्या खात्यातून गेले, साहेबांच्या काचेसमोरून गेले. फाटकावरच्याने फाटक उघडलं. मी त्याला म्हटलं, मी घरी चालले. तो म्हणाला, बरं बाई." त्या माझ्याकडे बघत होत्या, पण ह्यांच्याशी बोलत होत्या की माझ्याशी, कळत नव्हतं. "रस्त्यात दोनदा मागे वळून बघितलं. म्हटलं कुणीतरी येईल मागून. येईल की नाही? मी गेल्यावर कुणाची तरी अडचण व्हायला हवी होती गं. एवढीशी तरी."

ह्यांनी तोंड फिरवलं. या माणसाला मी आईवडिलांची आठवण काढतानाही रडताना पाहिलं नव्हतं.

आणि मला काय झालं मला माहीत नाही, मी ओरडलेच. "झाली ना अडचण! मला झाली! मी दोघांपुरताच स्वयंपाक टाकलाय, आणि तुम्ही न सांगता सवरता दुपारच्या दारात उभ्या! आता मी काय वाढू तुम्हाला? माझं डोकं?"

वन्सं बघतच राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांचे ओठ थरथरायला लागले, ते फुटलेले ओठ. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं. आवाज न करता, तोंड बाजूला फिरवून.

मी त्यांच्या हातातून डबा घेतला, उघडला, सकाळचं जेवण तीन ताटांत वाढलं आणि वर आणखी थोडं टाकायला गॅस पेटवला. वन्सं डोळे पुसून त्या चिंचोळ्या जागेत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सरक जरा."